छबूताईंची कच्ची शिलाई

छबूताई कधी कोणाचं माप लिहून घेत नसत. बाई दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत त्यांनी तिला डोळ्यांनीच मापलेलं असे. टेप फिरवायचा तो फक्त समोरचीच्या समाधानासाठी. ट्रायल हा शब्द त्यांना अपमानासारखा वाटे. "ज्याईचा सोताच्या हातावर भरोसा नाई, त्याईनं ट्रायल घ्यावं," असं त्या येईल तिला ऐकवत. सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि पार बोरगावपासूनच्या बाया त्यांच्याकडे येत. त्यांच्या हातचा ब्लाउज दुरुस्तीला परत गेला असं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

माझा एक ब्लाउज मात्र त्यांनी पाच वेळा चुकवला.

दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. दोन मशीन, एक मोठा आरसा आणि माप घेण्यापुरता ओढायचा फुलाफुलांचा पडदा. छबूताई उंच, हडकुळ्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ज्या बाईकडे रंगीत दोऱ्यांची शंभर रिळं आहेत तिने काडीला पांढराच दोरा का बांधावा, हे मला कधी कळलं नाही. नवरा टेम्पो चालवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या एकट्याच राहत. गोड स्वभावाच्या वगैरे मुळीच नव्हत्या. उरलेलं कापड परत मागितलं की त्यांना ऐकू येईनासं होई. चहा असा पाणचट करत की कपाचा तळ दिसावा. आणि तोंड फटकळ. एखादीने ब्लाउज घट्ट होतो म्हटलं की लगेच, "कंबर वीतभर वाढली अन् माह्या टेपाले दोष देऊन राहिली!" बाया हसत, चिडत आणि पुढच्या सणाला पुन्हा त्यांच्याकडेच येत.

मी माहेरची पांढुर्ण्याची. लग्न होऊन सौंसरला आले आणि इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, अगदी सरळ झालं. मुलगी गुटगुटीत. सव्वा महिना झाल्यावर ओटी भरून मला सासरी पाठवलं, तेव्हा सगळं कसं छान पार पडलं म्हणून आईने देवापुढे साखर ठेवली.

आणि मला काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, राग नाही, रडूसुद्धा नाही. मुलगी रडायला लागली की ते रडणं शेजारच्या घरातून येतंय असं वाटे. मी उठत असे, पाजत असे, लंगोट बदलत असे, झोपवत असे. सगळं घड्याळाच्या काट्यावर. येणाऱ्याजाणाऱ्या बाया सासूबाईंना म्हणत, "किती शांत सून हाय बापा तुमची! पहिलटकरीन असून काही कटकट नाई." सासूबाईंनाही कौतुक. आमच्याकडे सून गप्प झाली की ती शहाणी झाली असं धरतात. हे माझ्याही डोक्यात इतकं मुरलेलं होतं की आपण आजारी असू असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटे, आपण आतूनच वाईट आहोत. बाकीच्या बायकांना आईपण येतं, आपल्याला आलं नाही, आणि हे या एवढ्याशा मुलीला कळलेलं आहे. ती टक लावून बघू लागली की मी तोंड फिरवत असे.

मग दूध कमी झालं. सासूबाईंनी दृष्ट काढली, काळा गंडा आणून बांधला, लाडवातला डिंक वाढवला. नागपूरला मोठ्या नणंदबाईंना फोन गेला. त्यांची मुलं मोठी झालेली, घर ऐसपैस. त्यांनी सुचवलं की पाचव्या महिन्यात जावळाला येऊ, तेव्हा मुलीला घेऊनच जाऊ. चार-सहा महिने आमच्याकडे राहील, तेवढाच वर्षाला आराम. वर्षा म्हणजे मी. यात कोणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं. माझ्या नवऱ्याचं खताबियाण्याचं दुकान आहे, ते दुकानातून जेवायला आले तेव्हा त्यांनी मला विचारलंसुद्धा, "तुला काय वाटते?" मी म्हटलं, "जाऊ द्या. तिचं बरंच होईल." आणि मला हलकं वाटलं. हे लिहायला आजही हात जड होतो, पण खरं ते खरं.

जावळासाठी नवी साडी घेतली. जुने ब्लाउज अंगाला होत नव्हते, म्हणून सासूबाई मला छबूताईंकडे घेऊन गेल्या. पडद्याआड छबूताई म्हणाल्या, "हात वर कर." मी केला. त्यांनी टेप फिरवला, पाठ मापली, खांदा मापला, मग दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला तरी माझा हात वरच होता. त्यांनी खाली कर म्हटलं नव्हतं ना! शेवटी त्यांनीच तो मनगटाला धरून हळूच खाली घेतला. 

बाहेर येऊन त्या सासूबाईंना म्हणाल्या, "परवा पाठवजा इले ट्रायलले."

सासूबाई चकित. "ट्रायल? तू कधीपासून ट्रायल घेऊन राहिली व छबू?"

"पाजाचा ब्लाउज हाय वैनी. लेकराले बी संग पाठवजा. लेकराचं तोंड कोठी येते हे पाहा लागते का नाई?"

असं कुठलं माप शिवणकामात नसतं हे सासूबाईंना ठाऊक असणार. पण छबूताईंच्या हाताचा दरारा असा, की त्यांनी मान डोलावली.

परवा गेले तर बाही घट्ट. पुढच्या खेपेला बाही बरोबर, खांदा उतरलेला. त्यानंतर गळा वर आला. दर वेळी छबूताई डोक्यावर हात मारून घेत, "बुढी झाली व माय, दिसत नाई आता," असं म्हणत आणि मला बसवून घेत. पडद्यामागे गोधड्यांची चळत होती, तिच्यावर मुलीला झोपवत. पहिल्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. कोपऱ्यातल्या टोपलीतलं संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, मला चालत नाही, मुलीला सर्दी होते म्हणतात. "सारा गाव संत्र्यानं भरला, अन् बाळंतिणीलेच संत्रं नाई," त्या म्हणाल्या. "खा. मी नाई सांगत कोनाले."

दुसऱ्या दिवशी दार लोटून घेतलं आणि मशीनवर बसल्या. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं, नुसतं मशीन धडधडत होतं. म्हणाल्या, "रडाचं असन तं रड. मशीन चालू हाय, बाहेर कोनाले आयकू जात नाई." मला रडू आलं नाही. मी वेड्यासारखी त्या रिकाम्या सुईकडे बघत राहिले. त्या अर्धा तास पाय चालवत राहिल्या, मग उठून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं, परवा येजो." तिसऱ्या खेपेला मशीन सुरू झालं आणि दोनचार मिनिटांनी मला रडू फुटलं. असं फुटलं की मुलगी जागी झाली. छबूताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि एका पायाने मशीन चालूच ठेवलं.

चौथ्या वेळी मी त्यांना सांगितलं की जावळाला नणंदबाई येताहेत, मुलीला नागपूरला नेणार आहेत. म्हटलं, "तिचं बरंच होईल, छबूताई. माझ्यापाशी राहून काय मिळणार तिला?"

मशीन थांबलं.

"माह्या मंगेशले बी असंच नेलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांना मूल आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. "जाऊ माही चांगली, देवमाणूस. चार महिन्यासाठी म्हनून नेलं पांढुर्ण्याले. मी बी म्हटलं, न्या. मले तं तोंड धुवाची सुध नव्हती. मले भगताकडे नेलं, निंबू कापले, धूर देल्ला. दीड वरीस गेलं असंच. मंग कधीतरी आपोआप उजाडलं. गेली मी त्याले आनाले. तं थो मले पाहून जावेच्या मांगं लपला. तिले इचारते, आई, हे कोन?"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"जाऊ म्हने, ने, तुहाच हाय. पन रडत्या लेकराले कसा ओढू? म्हटलं, राहू दे. आता चांगला मास्तर झाला तिकडंच. दिवाळीले येते, पाया पडते. चांगला हाय बापा, काही म्हनाले जागा नाई. पन काकू म्हनते मले."

मुलगी माझ्या मांडीवर होती. मी तिच्याकडे बघितलं आणि त्या दिवशी तोंड फिरवलं नाही, एवढंच आठवतं.

"अन् मले काय झालं होतं हे समजलं दहा वर्सांनं. एका नर्सबाईचं माप घेऊन राहिली होती, तिनं सांगतलं. बाळंत झाल्यावर हा आजार होते म्हने कोनाकोनाले. डाक्टर गोळ्या देते, मानूस बरं होते. मी तिले तीनदा इचारलं, गोळ्या? नुसत्या गोळ्या?"

पाचव्या वेळी सासूबाई स्वतः आल्या, तणतणतच. जावळ चार दिवसांवर आलं होतं आणि ब्लाउज या खेपेला पाठीत आखूड होता. एव्हाना छबूचा हात गेला म्हणून गल्लीत बोभाटा झाला होता. दोन-तीन बायांनी आपलं कापड परतही नेलं होतं. छबूताईंनी ते मुकाट्याने दिलं होतं, ज्या बाईला आपल्या हाताचा एवढा अभिमान, तिने.

"कापड दे वापस. दुसरीकडं शिवून घेतो," सासूबाई म्हणाल्या.

"हात नाई गेला वैनी माहा. मीनं मुद्दाम चुकवला."

"काहून?"

"सुनेले घराबाहेर काढाले दुसरं कोनतं कारन होतं? माह्यापाशी बसाले पाठवली असती काय तुमी?" मग सरळ बोलल्या, "ते आजारी हाय. नागपूरले डाक्टरकडे न्या."

"कायची आजारी? खाते, पेते, सारं टाइमावर करते. तोंडातून शब्द नाई निंघत बिचारीच्या."

"तेच तं म्हनून राहिली मी. शब्द निंघत नाई."

सासूबाईंचा आवाज चढला. "म्हंजे वेडी म्हनते काय तू माह्या सुनेले? उद्या गाव काय म्हनन?"

"ताप आला असता तं नेली असती ना? मंग हा बी तापच होय. हाताले लागत नाई एवढंच. अन् वैनी, लेकरू पाठवू नोका. एकदा गेलेलं लेकरू घरी येते, पन माघारी नाई येत. मी सांगून राहिली तुमाले."

सासूबाईंना मंगेशची गोष्ट ठाऊक असावी. जुन्या बायांना सगळं ठाऊक असतं. त्या मग माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत त्यांनी मुलीकडे, माझ्या ताटाकडे, माझ्या गंड्याकडे पाहिलं होतं. माझ्याकडे पाहिलं ते तेव्हा. "खरं होय काय व वर्षा?"

मी म्हटलं, "हो."

एवढा एक शब्द बोलायला मला पाच महिने लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही नागपूरला गेलो. मी, सासूबाई, मांडीवर मुलगी, आणि दुकानाला कुलूप लावून आलेल्या छबूताई. माझे यजमान दुपारून पोचले. डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे सगळं विचारलं. स्वतःला किंवा मुलीला काही करावंसं वाटतं का, हेही विचारलं. सासूबाई दचकल्या, पण मला ते कोणीतरी विचारलं याचंच बरं वाटलं. बाई म्हणाल्या, हा आजार पुष्कळ बायकांना होतो, बरा होतो, यात तुमची काही चूक नाही. पाजताना चालतील अशा गोळ्या लिहून दिल्या. रात्री मुलीला घरच्यांनी सांभाळायचं, मी सलग झोपायचं, आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं. सासूबाईंनी दबकत विचारलं, "लेकरू तिच्यापाशीच ठेवलं तं चालन ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिच्यापाशीच ठेवा. फक्त तिला एकटीला टाकू नका."

जावळाला नणंदबाई आल्या. मुलीचे कपडे न्यायला रिकामी बॅग घेऊनच आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना सांगितलं, "पोरगी इथंच राहीन. तुले एवढी हौस असन तं तूच राह्य पंधरा दिवस." आणि त्या खरंच राहिल्या. रात्री मुलीला त्यांनी सांभाळलं. त्या उपकाराची जाणीव मला आहे.

बरं वाटायला वेळ लागला. सकाळी उठले आणि सगळं लख्ख दिसलं, असं काही झालं नाही. दीडेक महिन्याने एका दुपारी मुलीने माझ्या कानातला डूल असा ओढला की मी कळवळले आणि तिच्यावर चांगली खेकसले. मग लक्षात आलं की आपल्याला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मला हसू आलं, आणि ती माझं तोंड बघून हसली. मी तिला उचलून तशीच छबूताईंकडे गेले आणि सांगितलं. त्या कात्री चालवत होत्या. म्हणाल्या, "आला ना राग? आता नवऱ्यावर बी काढ थोडा."

त्या दिवशी, जावळ होऊन महिना उलटल्यावर, त्यांनी माझा ब्लाउज दिला. अंगावरच बेतल्यासारखा चपखल बसला. मी विचारलं, पाच वेळा उसवूनसुद्धा कापड कसं नाही खराब झालं? त्या नुसत्या गालात हसल्या. घरी आल्यावर डोकं चालायला लागलं. पाचही वेळा जे चुकलं होतं ते सगळं कच्च्या शिलाईत होतं. हाताने घातलेले लांब लांब टाके, दोरा ओढला की सुटणारे. मशीनची टीप त्यांनी एकदाही चुकीच्या जागी मारली नव्हती.

पुढे त्यांच्याकडे माझं जाणंयेणं वाढलं. एकदा मी बसलेली असताना बोरगावची एक कोवळी पोर लहान लेकरू घेऊन आली. तिच्या सासूला छबूताई सांगत होत्या, "बाही चुकली व माय माह्याकडून. परवा पाठवजा इले ट्रायलले." मी खाली मान घालून हसू दाबलं. सासू निघून गेल्यावर छबूताईंनी मला दटावलं, "दात काढून राहिली! उठ, तिले पानी दे, अन् बस तिच्यापाशी. तुले जे झालं होतं ते तूच सांग. मी काय, अंगठाछाप." त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. अशा किती जणींशी मी त्या पडद्यामागे बोलले, मोजलं नाही. काही जणी डॉक्टरकडे गेल्या. काहींच्या घरच्यांनी आम्हा दोघींना दारातूनच वाटेला लावलं. छबूताई तेही मनाला लावून घेत नसत. म्हणत, "ब्लाउज तं नेलाच नाई त्याईनं. येईन वापस."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्या गेल्या. आठवडाभर ताप आणि दम, मग छिंदवाड्याला नेलं, तिथेच संपलं. मंगेश पांढुर्ण्याहून आला. अग्नी त्यानेच दिला. तेरवी झाल्यावर दोन दिवस तो दुकान उघडून बसला होता, कारण बाया आपापलं न शिवलेलं कापड न्यायला येत होत्या. मीही गेले. तिशी ओलांडलेला, उंच, हडकुळा. पाहताक्षणी कोणाचा ते कळावं असा.

मी नाव सांगितलं. तो उठून उभा राहिला. "तुमीच का वर्षाताई? काकू नेहमी गोठी सांगे तुमच्या." बसल्यावर कापडाच्या घड्या उगाच सारख्या करत राहिला. मग म्हणाला, "एक इचारू का ताई? घरी कोनी सांगत नाई. इचारलं का आई रडते, म्हनून मीनं सोडून देल्लं. काकूनं मले काहून देऊन टाकलं होतं? तुमाले बोलली का कधी?"

"देऊन नाही टाकलं रे. आजारी होती ती."

"कोनता आजार?"

मी सांगितलं. जेवढं मला माहीत होतं तेवढं सगळं. ती तुला आणायला आली होती आणि तू तिच्या जावेच्या मागे लपलास, हेही सांगितलं. ते सांगावं की नाही असा विचार मनात आला, पण त्याचं ते त्याला मिळायला हवं होतं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मले वाटे, तिले मी पसंत नव्हतो," तो म्हणाला. "मी आलो का लांबूनच पाहे. कधी जवळ नाई घेतलं."

"घाबरत असेल. तू पुन्हा लपशील म्हणून."

त्याने पुन्हा एक घडी उचलली. मग म्हणाला, "तुमाले बी तोच आजार झाला होता म्हनता. तुमची पोरगी कोठी हाय?"

"घरीच. दुसरीत आहे."

"मंग तुमी किती दिवस गोळ्या घेतल्या?"

"आठ महिने."

"आठ महिने," तो म्हणाला, आणि हातातली घडी त्याने खाली ठेवली.

तेवढ्यात एक म्हातारी बाई पायरी चढून आत आली. आपलं जांभळं कापड तिने ढिगातून ओढून काढलं, ते काखेत धरलं आणि मंगेशला आपादमस्तक न्याहाळत विचारलं, "तू कोन होय बापा छबूचा?"

मंगेश उभा राहिला.

"पोरगा," तो म्हणाला. "माही माय होती ते."